फुली गोल झालेला स्क्रू: डोकं उडवण्याआधी काय काय करून बघावं

स्क्रू ड्रायव्हर पहिल्यांदा कट्कन निसटतो, तेव्हाच हात थांबवला तर बहुतेक स्क्रू फारशी कटकट न करता निघतात. पण तिथे कुणी थांबत नाही. आणखी जोर लावायचा, पुन्हा निसटायचं, असं सात-आठ वेळा झालं की चार पाकळ्यांच्या फुलीचा गोल खड्डा होतो. मग ‘स्क्रू स्लिप झालाय, सुताराला बोलवा’ असं ठरतं. सुतार ‘संध्याकाळी येतो’ म्हणतो आणि टॉवेलची दांडी पुढचे पंधरा दिवस एका बाजूने लोंबकळत राहते.

या कामात एकच हिशेब सांभाळायचा असतो. स्क्रूच्या डोक्यात जेवढं धातू शाबूत आहे, तेवढ्याच संधी तुमच्या हातात आहेत. तेल, ठोका आणि योग्य टोक यांनी त्यातलं काहीच खर्च होत नाही. नवी खाच कापली की थोडं जातं. ड्रिल लावलं की सगळं जातं. म्हणून खाली दिलेले उपाय त्याच क्रमाने करायचे. ज्यांच्याकडे ड्रिल आहे ते सुरुवातच ड्रिलने करतात, आणि दोन मिनिटांत निघाला असता असा स्क्रू भिंतीत मोडून ठेवतात.

आधी बघा, नक्की काय बिघडलंय

‘स्क्रू निघत नाही’ या तक्रारीत चार वेगळी दुखणी असतात, आणि त्यांचे उपायही वेगळे.

टोक फुलीत घसरतंय आणि स्क्रू जागचा हलत नाही, हे पहिलं. फुली शाबूत आहे पण स्क्रू गंजून किंवा क्षार धरून घट्ट बसलाय, हे दुसरं. स्क्रू छान फिरतोय पण बाहेर येत नाही, हे तिसरं. यात डोक्याचा काही दोष नसतो, आतले आटे तरी गेलेले असतात किंवा भिंतीतली प्लास्टिकची गिट्टी (भोकात ठोकलेली, स्क्रूला धरून ठेवणारी नळी) स्क्रूसोबत फिरत असते. डोकंच तुटलंय आणि दांडा आत राहिलाय, हे चौथं. तिसऱ्या दुखण्यावर पहिल्याचा उपाय केला, म्हणजे डोक्यावर नुसता जोर काढत बसलात, तर चांगली फुलीही हातची जाते.

स्क्रू कशात बसलाय हेही आधीच बघून ठेवा. लोखंड-पितळेत, लाकडात की भिंतीतल्या गिट्टीत? पुढे तेल घालायचं की नाही, गरम करायचं की नाही, हे त्यावरच ठरतं.

हत्यार उचलण्यापूर्वी

स्विचबोर्ड, पंखा, दिवा यांचा स्क्रू असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. एमसीबी पाडा, मग टेस्टर आधी दुसऱ्या चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतोय ना बघा, आणि नंतरच इथे लावा. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार आहे, तेव्हा उरकून घेऊ, असा विचार पुण्यात हमखास होतो. करू नका. महावितरणची वीज वेळेआधीही परत येते, आणि तेव्हा तुमचं बोट बोर्डात असतं. वीज नसली तरी एमसीबी पाडायचाच.

बेसिनजवळ काम असेल तर जाळीच्या भोकावर ओलं फडकं दाबून ठेवा. निघालेला स्क्रू नेमका तिथेच जातो. डोळ्यांवर चष्मा हवा. नंबरचा असला तरी चालेल, नुसते डोळे नकोत.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे स्क्रूवरचा भार काढणं. दरवाजाच्या बिजागरीचा स्क्रू काढताना दाराखाली लाकडी पाचर सारून दार किंचित उचलून धरा. दाराचं सगळं वजन आडवं त्या स्क्रूवर येत असेल तर तो आटे धरून बसतो आणि फुलीचा बळी जातो. आरसा, फळी, दांडी यांनाही हाच नियम. दुसऱ्या माणसाने फक्त धरून उभं राहायचं, सूचना करायच्या नाहीत.

फुली साफ करा, मग टोक निवडा

दिवाळीच्या आधी रंगारी बिजागऱ्यांवरूनच ऑइल पेंटचा हात मारून जातो. अशा दोन-तीन दिवाळ्या झाल्या की फुलीत रंगाचा थर भरतो आणि स्क्रू ड्रायव्हर वरच्या वर तरंगतो. सुई, दाभण किंवा कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने चारही पाकळ्या तळापर्यंत कोरून काढा. डोक्याच्या कडेने ब्लेड फिरवून रंगाची पापडी कापा, नाहीतर स्क्रू फिरताना दाराचा रंगही सोलून आणतो.

बाथरूममध्ये रंगाऐवजी पांढरा क्षार असतो. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या पेठांमध्ये हा त्रास कमी. वाघोली, उंड्रीसारख्या भागांत जिथे बोअर आणि टँकरवर सोसायट्या चालतात, तिथे नळाच्या मुठीखाली दगडासारखा थर बसलेला असतो. हा थर मुख्यतः चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात विरघळवलेल्या सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये कापूस बुडवून तो स्क्रूवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवला की थर फसफसून सुटतो. मग जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. क्रोमवर आम्ल रात्रभर ठेवायचं नाही, मुलामा काळवंडतो. आणि खाली शहाबादी फरशी किंवा कडाप्प्याचा ओटा असेल तर आधी प्लास्टिक अंथरा. हे दोन्ही दगड चुनखडीचे. व्हिनेगर त्यांनाही खातं, आणि पडलेला फिकट डाग पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

आता टोक. दुकानात सगळ्या फुल्यांना ‘स्टार’च म्हणतात, पण फुल्या दोन जातींच्या असतात. नेहमीची ती फिलिप्स. हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसाला तिची पेटंटं १९३६ मध्ये मिळाली. तिच्या पाकळ्या खाली निमुळत्या होत जातात, त्यामुळे पिळताना टोक आपोआप वर ढकललं जातं. घसरणं हे तिच्या आकारातच आहे. दुसरी पोझिड्राइव्ह. हिच्या चार पाकळ्यांच्या मधोमध आणखी चार बारीक रेघा दिसतात. मॉड्युलर किचनच्या युरोपियन पद्धतीच्या बिजागऱ्यांवर ही सर्रास असते. तिच्यात फिलिप्सचं टोक बसल्यासारखं वाटतं आणि जोर लावला की निसटतं. ‘बिजागरीचे स्क्रू हलक्या दर्जाचे निघाले’ या तक्रारीत पुष्कळदा चूक टोकाची असते. दुकानात पीझेड२ टोक मागा, पीझेड म्हणजे पोझिड्राइव्ह आणि २ हा आकार.

फिलिप्समध्ये घरातल्या बहुतेक स्क्रूंना पीएच२ लागतं, बारीक स्क्रूंना पीएच१. तपासायची रीत सोपी आहे: टोक फुलीत बसवा आणि डावी-उजवी किंचित हालचाल द्या. खुळखुळत असेल तर आकार लहान आहे. टोक तळाला टेकत नसेल तर मोठा आहे. शंका आली तर मोठ्याकडून लहानाकडे या, लहानाकडून मोठ्याकडे नको. आणि ज्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक चकचकीत गोल झालंय, तो आजच कचऱ्यात टाका. रंगाचा डबा उघडायलासुद्धा ठेवू नका, कारण घरातलं दुसरं कुणीतरी तोच उचलून पुढचा स्क्रू मारतं. नाशिकच्या टपारियाचा एकसंध दांड्याचा पीएच२ घेतला तर तो अनेक वर्षं पुरतो. पंचवीस टोकांचा स्वस्त डबा दिसायला भरगच्च असतो, पण त्यातली टोकं मऊ असतात आणि स्क्रूआधी तीच झिजतात.

दाब, ठोका, तेल, आच

स्क्रू काढताना पिळण्यापेक्षा दाबायला जास्त ताकद लागते. छातीच्या उंचीवर काम येईल असं स्टूल घ्या, कोपर शरीराजवळ ठेवा, मूठ स्क्रूच्या सरळ रेषेत ठेवा आणि अंगाचा भार टाकून हळू पिळा. तिरका हात म्हणजे गेलेली फुली. बॅटरीवरचं यंत्र या टप्प्यावर नको. ते निसटल्यावर तुमच्या हाताला कळेपर्यंत टोकाने फुलीत चार-सहा फेऱ्या मारलेल्या असतात.

हलत नसेल तर आधी घट्ट करायच्या दिशेने अगदी थोडं पिळा. गंजाचा धरलेला थर तुटायला दिशेशी देणंघेणं नसतं, आणि काढायच्या दिशेने फुलीच्या कडा आधीच झिजलेल्या असल्या तरी उलट दिशेच्या कडा अजून धारदार असतात.

मग ठोका. टोक फुलीत बसवून मागून हातोडीने चार-पाच नेमके ठोके द्यायचे. यातून दोन कामं होतात: गंज तडकतो आणि टोक आणखी खोल रुतून बसतं. ज्या स्क्रू ड्रायव्हरचा पोलादी दांडा मुठीतून आरपार गेलेला असतो, तोच यासाठी वापरा. साध्या प्लास्टिकच्या मुठीचे दोन तुकडे होतात. सागवानी चौकट, लोखंडी गेट, ग्रिल इथे बिनधास्त ठोका. टाइल्सवर, बेसिनवर, आरशाजवळ ठोकायचं नाही. टाइलच्या मागे पोकळी असली तर पहिल्याच ठोक्याला तडा जातो.

गॅरेजवाल्यांकडे हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर असतो. मागून हातोडी मारली की तो आतल्या आत थोडा फिरतो, म्हणजे दाब आणि पीळ एकाच क्षणी मिळतात. लोखंडी गेटच्या गंजलेल्या स्क्रूला याच्यासारखं दुसरं हत्यार नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. घरात विकत घेऊन ठेवण्याइतका तो लागत नाही.

तेलाबद्दल गैरसमज फार. लोखंड लोखंडात किंवा पितळेत बसलं असेल, तर डब्ल्यूडी-४० किंवा कुठलंही गंज सोडवणारं पातळ तेल उपयोगी पडतं. दोन-तीन थेंब डोक्याच्या कडेला सोडा, हलके ठोके द्या आणि किमान अर्धा तास विसरून जा. खूप गंज असेल तर रात्रभर. भिंतीतल्या गिट्टीत बसलेल्या स्क्रूला आत तेल सोडून काही होत नाही, कारण तिथे गंज प्लास्टिकमध्ये नसून डोकं आणि दांडीचा पत्रा यांच्यामध्ये असतो. तिथे फक्त कडेला थेंब पुरतो. लाकडात तर तेल टाकूच नका. लाकूड ते पिऊन टाकतं, डाग पडतो, आणि पुढे त्या भोकात फेव्हिकॉल धरत नाही. स्विचबोर्डमध्ये कुठलाही फवारा मारायचा नाही.

खोबरेल तेल हा घरोघरचा पहिला उपाय. पण ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं आणि पुण्याच्या डिसेंबरात तर बाटलीतच दगड होतं. गोडेतेल काही महिन्यांनी चिकट होऊन उलट डिंकाचं काम करतं. घरात दुसरं काहीच नसेल तर शिलाई मशीनचं तेल घ्या.

लाकडातल्या हट्टी स्क्रूला आच द्यावी. सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर दीड-दोन मिनिटं टेकवून ठेवा. तापलेला स्क्रू फुगतो आणि आजूबाजूचं लाकूड किंचित दाबतो. थंड झाला की आकसतो आणि तेवढी सैल जागा मिळते. पूर्ण गार झाल्यावरच पिळा. तेल मारलेल्या जागी किंवा प्लास्टिकच्या गिट्टीवर हा प्रयोग करू नका. पहिल्यात पेट घेण्याची भीती, दुसऱ्यात गिट्टी वितळून स्क्रूला चिकटते.

पकडच मिळत नाही तेव्हा

फुली अर्धवट झिजली असेल तर टोक आणि फुली यांच्यामधली फट भरायची. सगळे रबरबँड सांगतात. तो चालतो, पण झीज थोडी असेल तरच, आणि रुंद, चपटा असेल तरच. पालेभाजीच्या जुडीला येतो तो बारीक रबर लगेच तुटतो. डॉक्टरी हातमोज्याचा दुहेरी तुकडा त्याहून चांगला.

रबरापेक्षा माझा भरवसा इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टवर जास्त. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत छोट्या डबीत मिळते. तिच्यातले खरखरीत कण टोक आणि धातू यांच्यामध्ये रुततात. वाटाण्याएवढी पेस्ट फुलीत भरा, टोक दाबा, सावकाश पिळा. पेस्ट नसेल तर भांडी घासायची पावडर थेंबभर पाण्यात कालवून बघा; तेवढी पकड येत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

हेही साधलं नाही तर टोकाचा आकार बदला. समोरासमोरच्या दोन पाकळ्या शिल्लक असतील तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं त्या मापाचं टोक आडवं घाला. पूर्ण गोल खड्डा झाला असेल तर सहा पाकळ्यांचं टॉर्क्स टोक, खड्ड्यापेक्षा नावाला मोठं, हातोडीने आत ठोकून बसवा. ते स्वतःच्या खाचा पाडत आत जातं. इथे डोक्यातलं धातू खर्ची पडतं, म्हणून ही संधी एकदाच.

टॉवेलची दांडी, साबणाची जाळी, नळाची मूठ यांच्या खालच्या अंगाला एक बारीक बिनडोक्याचा स्क्रू असतो, एलन कीने फिरणारा. तो गोल होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इंची चावी. अडीच मिलिमीटरच्या खाचेत ३/३२ इंची चावी जाते, पण ती जेमतेम २.४ मिलिमीटर भरते. तेवढा खेळ षटकोनाचे कोपरे खायला पुरतो. आधी मिलिमीटरची, कोपरे शाबूत असलेली चावी आणा. तरीही घसरत असेल तर अडीचच्या खाचेत टी१० आणि तीनच्या खाचेत टी१५ हे टॉर्क्स टोक हलक्या ठोक्यांनी बसवा. हलक्याच, या दांड्यांचे ब्रॅकेट बऱ्याचदा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात, क्रोमच्या आत ठिसूळ, आणि जोराच्या ठोक्याला सरळ कान तुटतो.

डोकं पृष्ठभागाच्या वर उभं असेल, दुकानदार ज्याला पॅन हेड म्हणतात तसं, तर काम सोपं. लॉकिंग प्लायर, म्हणजे दाबली की अडकून बसणारी पक्कड, बाजूने घट्ट आवळा आणि पक्कडच फिरवा. घसरली तर कानशीने डोक्याच्या दोन समोरासमोरच्या कडा सपाट करा आणि पुन्हा आवळा. किंवा हॅक्सॉच्या पात्याने डोक्यावर सरळ खाच कापून चपटा स्क्रू ड्रायव्हर वापरा. खाच डोक्याच्या निम्म्या उंचीहून खोल नेऊ नका, नाहीतर डोक्याच्या दोन फाका होतात. बिजागरीत सपाट बसणाऱ्या सीएसके स्क्रूला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. पक्कड धरायला जागा नाही आणि खाच कापायला गेलात तर बिजागरीवरही चरा पडतो.

एक्स्ट्रॅक्टर घ्यावा का?

तुटक्या स्क्रूत भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचं टोक घालायचं आणि ते उलटं फिरवलं की रुतत रुतत स्क्रू बाहेर येतो, ही कल्पना झकास आहे. जाड बोल्टला ती खरोखर चालतेही. घरातल्या साडेतीन-चार मिलिमीटरच्या स्क्रूला मी ती सुचवणार नाही. इतक्या बारीक स्क्रूत मधोमध भोक पाडणं कठीण, आणि एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ. तो आत मोडला की त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही, आणि आधी एक होता तिथे आता दोन तुकडे अडकलेले असतात.

डोकं उडवणं

ऐकायला भयंकर, पण घरातल्या फिटिंगसाठी हा शेवटचा उपाय सर्वांत खात्रीचा आहे. स्क्रू घट्ट राहतो तो बव्हंशी डोक्याखालच्या ताणामुळे. डोकं गेलं की ताण सुटतो, दांडी किंवा बिजागरी अलगद निघते, आणि मागे पाच-दहा मिलिमीटर दांडा उभा राहतो. तो पक्कडीत धरून फिरवला की आश्चर्य वाटेल इतक्या सहज येतो.

डोक्याच्या मधोमध सेंटर पंचने, म्हणजे हातोडीने ठोकायच्या टोकदार पोलादी दांडीने, खळगा पाडा. फुली गोल झाली असेल तर तिचाच खड्डा पुरतो, फक्त तो मधोमध आहे ना हे बघा. ड्रिलचं टोक धातूचं, एचएसएस प्रकारचं हवं. भिंतीचं टोक धातूवर नुसतं घासत बसतं. यंत्राची हातोडी-चाल बंद करा. जाडी निवडताना ती स्क्रूच्या दांड्याइतकी किंवा नावापुरती जास्त असावी: चार मिलिमीटरच्या स्क्रूला चार किंवा साडेचारचं टोक. वेग कमी, दाब सलग, एक थेंब तेल. दोन-तीन मिलिमीटर आत गेलं की डोकं वॉशरसारखं सुटून टोकाबरोबर फिरायला लागतं. तिथे थांबा. पुढे गेलात तर तोच दांडा कापाल जो पक्कडीला हवाय.

स्टेनलेसचा स्क्रू असेल तर जास्त धीर लागतो. वेगात फिरवलं, किंवा टोक न कापता नुसतं घासत राहिलं, की स्टेनलेसचा पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि मग टोक जळतं. कोबाल्ट मिसळलेलं टोक घ्या आणि एकदा कापायला लागलं की दाब सोडू नका. खाली कागद पसरा आणि पडलेला कीस लोहचुंबकाने उचला. साधं लोखंड त्याने वेचलं जातं. स्टेनलेसचा कीस बहुधा चिकटत नाही, तो ओल्या फडक्याने टिपा. टाइल्सच्या सांध्यात राहिलेला लोखंडी कीस चार दिवसांत तांबडे ठिपके पाडतो.

दुपारी दोन ते चार ड्रिल लावू नये, अशी पाटी तुमच्याही सोसायटीत असेलच. हे काम चारनंतर काढा. घाईत चालवलेलं ड्रिल घसरून शेजारची टाइल चरतं.

दांडा आतच तुटला आणि पक्कडीला काहीच उरलं नाही, तर लाकडात तो तसाच सोडून भोक सेंटिमीटरभर बाजूला घेणं हेच शहाणपणाचं. भिंतीत असेल तर बारीक टोकाने गिट्टीच्या कडेने दोन-तीन भोकं पाडून ती सैल करा आणि निमुळत्या पक्कडीने गिट्टीसकट ओढून काढा.

नुसता गरगर फिरणारा स्क्रू

फिरतो पण येत नाही, अशा स्क्रूला बाहेर ओढणारा जोर हवा. पुट्टी लावायची पातळ पट्टी फिटिंग आणि भिंतीच्या मध्ये सरकवा, तिच्याने फिटिंग हलकेच बाहेर रेटत ठेवा आणि त्याच वेळी स्क्रू उलटा फिरवा. दोन आटे बाहेर आले की डोकं पक्कडीत धरून सरळ ओढा. टाइलवर पट्टीखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायला विसरू नका.

नव्या इमारतींत हे जास्त दिसतं, कारण भिंती एएसी ब्लॉकच्या असतात. पुण्यात त्यांना सरसकट सिपोरेक्सच म्हणतात. हे ब्लॉक हलके आणि मऊ. विटेसाठी बनलेली साधी गिट्टी त्यात थोड्याच दिवसांत भोक मोठं करते आणि फिरू लागते. त्यांच्यासाठी रुंद पंखांची वेगळी गिट्टी मिळते, तीच घाला.

इथे हात लावू नका

गीझर भिंतीला धरून ठेवणारे बोल्ट: पंधरा लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच पंधरा किलो असतं, टाकीचं वजन वेगळं. स्वयंपाकाच्या गॅसचे रेग्युलेटर, पाइपलाइनचे व्हॉल्व्ह आणि त्यांचे क्लॅम्प: तिथे ड्रिल नाही, हातोडी नाही, आच तर नाहीच. पंखा ज्या हुकाला टांगलाय तिथला बोल्ट. या तिन्ही ठिकाणी माहीतगार माणसालाच बोलवा. भाड्याच्या घरात असाल तर ड्रिल लावण्यापूर्वी मालकाला फोटो पाठवून ठेवा. डिपॉझिट परत मागताना कामी येतो.

नवा स्क्रू बसवताना

जुना स्क्रू, अगदी तुटका का होईना, खिशात घालून रविवार पेठेत बोहरी आळीत जा. ‘साधारण एवढा’ असं बोटांनी दाखवून मिळतो तो कधीच तेवढा नसतो. दुचाकीवर जा, चारचाकी लावायला जागा शोधण्यात स्क्रूच्या किमतीच्या कितीतरी पट पेट्रोल जाईल. सोल्डरिंग गन घ्यायची असेल तर तपकीर गल्ली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

बाथरूमसाठी ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू मागा. दांडीसोबत पाकिटात येतात ते बहुतेक वेळा मुलामा दिलेले लोखंडी असतात आणि दोन पावसाळ्यांत तांबारतात. दुकानात लोहचुंबक लावून बघा: घट्ट चिकटला तर ते ३०४ नाही. किंचित ओढल्यासारखा वाटला तर हरकत नाही, घडवताना ३०४ मध्ये तेवढं चुंबकत्व येऊ शकतं.

लाकडातलं भोक सैल झालं असेल तर काडेपेटीच्या काड्यांची गुलं मोडून, त्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा, वर आलेली टोकं ब्लेडने कापा आणि एक पूर्ण दिवस वाळू द्या. दाराच्या वरच्या बिजागरीला सगळ्यांत जास्त ताण असतो. तिथे काड्यांवर भागवू नका, जुन्यापेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू घाला म्हणजे तो ताज्या लाकडात शिरेल. भिंतीत सहाची गिट्टी सैल झाली असेल तर भोक आठचं करून आठची गिट्टी आणि तिला साजेसा जाड स्क्रू.

लाकडात जाणाऱ्या स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरतो. धातूत जाणाऱ्या स्क्रूला बोटभर ग्रीस किंवा व्हॅसलीन पुरे. शेवटच्या दोन फेऱ्या हातानेच मारा, आणि बाथरूममध्ये डोक्यावर व्हॅसलीनचा एक पातळ थर चोपडून ठेवा, म्हणजे फुलीत क्षार साचणार नाही. दांडीच्या ब्रॅकेटभोवती सिलिकॉन लावणार असाल तर वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खालची कड मोकळी सोडा. आत शिरलेलं पाणी तिथून निथळून जायला हवं; चारही बाजू बंद केल्या तर ते स्क्रूभोवतीच साठून राहतं.